चौऱ्याण्णव टक्के

ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात बर्नाडेट हुडाक पिरोग्यांच्या कडा दाबत होती आणि दाबता दाबता फुशारकी मारत होती. दोन्ही कामांत तिचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. उपासाचे शुक्रवार आले की तळघरात दहा-बारा बायका जमायच्या, बटाटा आणि चीज भरून करंज्यांसारख्या पिरोग्या शेकड्यांनी करायच्या, आणि गावातलं प्रत्येक घर त्या टेबलावर पिठाबरोबर मळलं जायचं. आज पाळी हुडाकांच्या घराची होती. ती बर्नाडेटनेच लावून घेतली होती.

"आमच्या टोबीचं ठरलं," ती सांगत होती. "ऑल्डरमियर कॉलेज. चार वर्षं तिथे, मग मेडिकल. तिथली शंभरातली चौऱ्याण्णव पोरं डॉक्टरकीला लागतात. चौऱ्याण्णव. राज्याच्या विद्यापीठात काय, मेंढरं कोंबल्यासारखी कोंबतात."

"मग तुझी रेनाटा त्या उरलेल्या सहांतली का गं?" आयरीन सोप्को म्हणाली. आयरीनची जीभ म्हणजे नुसती सुरी, आणि वर ती लोण्यातून काढलेली.

"रेनाटाने स्वतःहून सोडलं. तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं तिने, तेवढंही झालं नाही. अर्ध्यावर सोडायची सवयच आहे तिला. पियानोही असाच सोडला होता."

रेनाटा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून हे ऐकत होती. हॉस्पिटलातली पाळी संपवून, अंगावर निळे कपडे तसेच ठेवून, ती आईला घरी न्यायला आली होती. वय सव्वीस. पहाटे पाचपासून ती हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढायची, दिवसाला चाळीस-चाळीस दंडांतून, आणि तिच्या हाताला सुई कधी चुकत नसे. तळघरातल्या बायकांनी तिला पाहिलं आणि सगळ्यांच्या माना एकदम पिठाकडे वळल्या. रेनाटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती काय म्हणाली, तर, "मॉम, चल, उशीर होतोय." पाच वर्षं ती असंच काहीतरी म्हणत आली होती.

कारण आईचं बोलणं खोटं असलं, तरी ते खोटं आईचं नव्हतं. ते रेनाटानेच तिला आणून दिलं होतं.

खरं असं होतं. ऑल्डरमियरमध्ये तिसऱ्या वर्षाच्या शेवटी डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना एका समितीसमोर जावं लागे. समितीत चार प्राध्यापक आणि त्यांचा म्होरक्या डॉ. प्रेंटिस लॉरिंग. समितीला पोर पसंत पडलं की कॉलेजच्या नावाने एक पत्र मिळायचं, आणि ते पत्र जोडून मेडिकलचे अर्ज जायचे. रेनाटाला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एकदा कमी गुण पडले होते. त्या सत्रात ती आठवड्याचे वीस तास कॉलेजच्या भटारखान्यात भांडी घासत होती, हे गुणपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. लॉरिंगने तिला खोलीत बोलावलं. ती बसण्याआधीच त्याने कागदी रुमालांचा डबा टेबलाच्या तिच्या बाजूला सरकवून ठेवला होता. मग अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, की या वर्षी समिती तिला पत्र देऊ शकणार नाही, पण तिच्यापुढे इतर कितीतरी सुंदर वाटा आहेत. तिने डब्याला हात लावला नाही. तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी तिच्या मनासारखी झाली.

पत्राशिवाय अर्ज करायला कुणाची बंदी नव्हती. पण जे कॉलेज पत्र देतं म्हणून सगळ्यांना माहीत आहे, त्याच कॉलेजचं पत्र नसेल, तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार. घरच्यांनीच वाऱ्यावर सोडलेल्याला शेजारी कशाला दारात उभं करतील?

घरी आल्यावर ती हे सांगणार होती. पण तिच्या आईचे तोवर गावभर अक्रोडाचे गोड रोल वाटून झाले होते, पाद्रीबाबांचं प्रार्थनेत तिचं नाव घेऊन झालं होतं, आणि वडिलांच्या कारखान्यातले लोक त्यांना 'डॉक्टरचे बाबा' म्हणायला लागले होते. रेनाटा म्हणाली, "माझं मन उडालं. मला आता इतकं शिकायचं नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटलं. आई आठवडाभर बोलली नाही, आणि मग जी बोलायला लागली ती अजून थांबली नव्हती.

त्या खोट्याला आता पाच वर्षांनी कोंब फुटला होता. रेनाटाला कुणी नाही म्हटलं नाही, म्हणजे ऑल्डरमियर कुणालाच नाही म्हणत नाही. दोष कॉलेजचा नाही, पोरीचा. पोरगा चिवट आहे, म्हणजे त्याचं होणारच. बर्नाडेटचं गणित चुकीचं नव्हतं. तिला आकडेच चुकीचे दिले होते, अर्धे कॉलेजने आणि अर्धे लेकीने.

टोबी अठरा वर्षांचा, ताडमाड वाढलेला, आईइतकाच हट्टी. त्याच्या हातात दोन होकार होते, ऑल्डरमियरचा आणि राज्याच्या विद्यापीठाचा. एक मेच्या आत एकाला हो म्हणायचं होतं. ऑक्टोबरमध्ये त्याने ऑल्डरमियरच्या अर्जासाठी निबंध लिहिला, तो रेनाटाने तपासला. त्यात 'चौऱ्याण्णव टक्के' दोनदा आलं होतं. तिने एकदा खोडलं, स्वल्पविराम दुरुस्त केले आणि कागद परत दिला. त्या गोष्टीचा तिला स्वतःचाच इतका संताप यायचा, की दात घासताना मध्येच आठवून ती आरशाकडे पाठ करायची. जानेवारीत एकदा धीर करून ती टोबीला म्हणाली होती, राज्याचं विद्यापीठही वाईट नाही. टोबी हसून म्हणाला, "तुझं मन उडालं म्हणून माझंही उडायला पाहिजे का, रेन?"

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ऑल्डरमियरने निवडलेल्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. वडिलांची कारखान्यात पाळी होती. बर्नाडेटला हमरस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून रेनाटाने सुट्टी घेऊन दोन तास गाडी चालवली. वाटेत तिने ठरवलं, की आज कॉफी प्यायला कुठे थांबलो की सांगायचं. थांबले, कॉफी प्यायले, निघाले. मग ठरवलं, कॉलेजच्या फाटकापाशी सांगायचं. फाटकावर निळे फुगे बांधले होते आणि निळे शर्ट घातलेली पोरं गाड्यांना हात करत होती. एकीने काच खाली करायला लावून टोबीचं नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर अशी काही किंचाळली, की जणू वर्षानुवर्षं त्याचीच वाट बघत होती. टोबी कानापर्यंत लाल झाला. राहिलंच सांगायचं.

सभागृह तेच होतं. खुर्च्यांवरचं कापड नवं होतं, बाकी तेच. भावी डॉक्टरांच्या घरच्यांसाठी वेगळी तासाभराची बैठक होती आणि मंचावर लॉरिंग होता. पाच वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते, आणि ते त्याला शोभत होते याचाही रेनाटाला राग आला. तो आवाज न चढवता बोलत होता. इथे तुमचं मूल गर्दीतलं एक डोकं नसतं, इथे आम्ही हात धरून पुढे नेतो, असं बरंच काही. मागे पडद्यावर एकच आकडा होता, माणसाएवढा उंच. आईने कोपराने टोबीला ढोसलं.

मग प्रश्न झाले. खोलीत शीतकपाट ठेवता येतं का, पहिल्या वर्षी गाडी आणता येते का, सुट्टीत प्रयोगशाळा उघडी असते का. रेनाटाचे हात मांडीवर होते. तिच्या जिभेवर एक प्रश्न तासभर बसून होता आणि तो उठत नव्हता. बैठक संपायला पाच मिनिटं असतील, तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. बर्नाडेट हुडाक उठून उभी राहिली होती. खांद्याला पर्स, अंगात चर्चला जायचा कोट.

"मला प्रश्न नाहीये, डॉक्टर," ती म्हणाली. "मला सगळ्यांना एवढंच सांगायचंय, की माझी मुलगीही इथेच शिकली. ही काय, बसलीये. हिचं मन बदललं म्हणून, नाहीतर आज हीसुद्धा डॉक्टर असती. होय ना हो, डॉक्टर? तुम्हाला आठवत असेल. रेनाटा हुडाक."

रेनाटाला वाटलं, जमीन दुभंगावी. लॉरिंगने डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्याला ओळख पटली. ती पटताना रेनाटाने पाहिली.

"अर्थात," तो हसून म्हणाला. "रेनाटा. तिने वेगळी वाट निवडली, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटलं होतं."

बर्नाडेटने मान वळवून लेकीकडे पाहिलं. ऐकलंस, असा तो चेहरा होता.

रेनाटा उभी राहिली. उभं राहायचं तिने ठरवलं नव्हतं, ते पायांनीच परस्पर उरकलं.

"मी काही निवडलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला पत्र दिलं नाहीत."

"रेनाटा, हे आपण नंतर बोलू. माझ्या खोलीत ये, निवांत—"

"तुमच्या खोलीत आपलं एकदा बोलून झालंय."

ती सांगत गेली. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात याच सभागृहात तुम्ही विचारलंत, डॉक्टर कोणाकोणाला व्हायचंय, हात वर करा. तुम्ही स्वतः मोजलेत आणि म्हणालात, एकशे एकतीस. टाळ्या झाल्या. तीन वर्षांनी तुम्ही पत्रं दिलीत तेहतीस जणांना. त्यातले एकतीस मेडिकलला गेले. तेहतिसात एकतीस, म्हणजे हे तुमच्या मागचे चौऱ्याण्णव टक्के. तिने पडद्याकडे बोट केलं. बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणांना तुम्ही मोजतच नाही. ज्याच्याबद्दल शंका वाटेल त्याला दारातच गाळायचं, आणि आत उरले त्यांची टक्केवारी लोकांना दाखवायची. असं असेल तर शंभर टक्के का नाही आले? दोघांच्या बाबतीत तुमचा अंदाज चुकला म्हणून?

पुढच्या रांगेत टोपी घातलेला एक बाप पेन्सिलीने वहीच्या कोपऱ्यावर भागाकार करत होता. "चोवीस," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "चोवीस टक्केसुद्धा पुरते नाहीत."

लॉरिंगने हात वर केले. अठरा वर्षांची मुलं मन बदलतात, तो म्हणाला, आणि त्यात काही वाईट नाही. कुणी वकील होतं, कुणी शिक्षक होतं. त्यांना नापास धरणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

"बदलतात ना. काही जणांनी खरंच बदललं," रेनाटा म्हणाली. "मग सांगा किती जणांनी आपणहून बदललं, आणि किती जणांचं तुम्ही खोलीत बोलावून बदललंत."

"तो आकडा आम्ही ठेवत नाही."

"नाहीच ठेवणार."

"हे बघ, कुणालाही अडवलेलं नाही," लॉरिंग म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातलं लोणी उतरलं. "आमच्या पत्राशिवायही अर्ज करता येतो. तुलाही करता आला असता. तू केला नाहीस."

यावर रेनाटाकडे उत्तर होतं, आणि ते तिने दिलं, की तुमचं पत्र नाही हेच तुमचं पत्र असतं, आणि ते सगळीकडे वाचलं जातं. पण वाक्य संपता संपता तिला जाणवलं, की लॉरिंगचं ते 'तू केला नाहीस' दुखलं. खोटारड्याच्या तोंडून एवढं एकच खरं निघालं होतं आणि ते नेमकं तिच्यावर येऊन बसलं होतं. टोपीवाल्या बापाने हात वर करून विचारलं, की मॅडम म्हणतात ते खरं का खोटं, तेवढं सांगा. लॉरिंगने घड्याळ पाहिलं आणि बाहेर कुकीज ठेवल्या आहेत असं सांगितलं.

बर्नाडेट अजून उभीच होती. बसायचं तिला सुचलंच नव्हतं.

तिघं गाड्यांच्या मैदानाकडे निघाली. गाडीपाशी आल्यावर बर्नाडेटने पर्स टपावर आपटली.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं मी तुला अर्धवट म्हणतेय. घरात म्हणतेय, बायकांसमोर म्हणतेय. काल त्या आयरीनसमोर म्हटलं. तू जिन्यात उभी होतीस. आणि ऐकून घेतलंस?"

"मॉम—"

"मला कोण केलंस तू? स्वतःच्या पोरीला रोज उठून टोचणारी बाई केलंस मला. एकदा सांगितलं असतंस, तर मी तेव्हाच इथे येऊन त्या माणसाचं नरडं धरलं असतं." मग ते नरडं अजून तिथेच आहे, हे लक्षात येऊन ती सभागृहाच्या दिशेने तरातरा चालायला लागली. रेनाटाला पळत जाऊन तिला धरावं लागलं. निळ्या शर्टातल्या दोन पोरी हातात फुगे घेऊन बघत राहिल्या. "टोचत होते मी," बर्नाडेट म्हणाली, आणि मग रडायला लागली, पण रडतानाही शिव्या थांबवल्या नाहीत. त्यातल्या अर्ध्या तिच्या आजीच्या स्लोव्हाक भाषेतल्या होत्या, त्यामुळे फुगेवाल्या पोरींची लाज वाचली.

टोबी सगळा वेळ गाडीला टेकून उभा होता. परतीच्या रस्त्यावर तो पुढच्या सीटवर बसून काचेतून बाहेर बघत राहिला. रेनाटाला मात्र कित्येक वर्षांनी छाती मोकळी वाटत होती. भांडण झालं, तमाशा झाला, पण झाला. आईला कळलं. पोरगा वाचला. राग अजून होता, पण तो आता जिथे हवा तिथे पोचला होता, असं तिला वाटत होतं. मनातल्या मनात ती लॉरिंगला आणखी दोन-तीन वाक्यं ऐकवत होती, आधीच्यांपेक्षा झणझणीत.

तासाभराने पेट्रोल भरायला थांबले. बर्नाडेट तोंड धुवायला आत गेली. रेनाटा नळी धरून उभी होती. टोबी उतरून तिच्या बाजूला आला.

"राज्याच्या विद्यापीठाला हो म्हटलं," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला. "आत्ताच."

"चांगलं केलंस."

"तुझ्यासाठी नाही केलं."

"माहितीये."

पंपावरचे आकडे फिरत होते. टोबीने बुटाने जमिनीवरचा एक खडा लोटला.

"एक विचारू? मॉम उठून बोलली नसती तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे ती गप्प बसली असती, बैठक संपली असती, आपण कुकीज खाऊन निघालो असतो. मग?"

रेनाटाने तोंड उघडलं. परतताना वाटेत सांगणारच होते, हे वाक्य तयार होतं. त्याच्यामागे दुसरं तयार होतं, एक मेला अजून वेळ होता. ती दोन्ही वाक्यं तिने आजवर स्वतःला इतक्यांदा ऐकवली होती, की ती पाठ झाली होती. तिने टोबीकडे पाहिलं. तो रागाने बघत नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं, आणि आज सकाळपासून त्याला कुणीच खरं सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, ते त्याला नाही, त्या माणसाला.

"नसते बोलले मी," ती म्हणाली.

टोबीने मान हलवली. "मग मी तिथे गेलो असतो."

"हो."

"आणि तीन वर्षांनी त्याच खोलीत बसलो असतो. तेव्हा सांगितलं असतंस का?"

नळी खटकन बंद झाली. टाकी भरली होती, तरी रेनाटा नळी धरून तशीच उभी राहिली. टोबी वळला आणि गाडीत जाऊन बसला, पुढची सीट सोडून मागे. बर्नाडेट तीन कॉफ्या घेऊन आली आणि हा मागे का बसलाय, असं तिने रेनाटाला विचारलं.